तो जेवस कोठे?

नऊ प्रकरणं वाचून झाली होती. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास, चौथीचा वर्ग. माझ्या कादंबरीतला पोरगा तोवर दोन नद्या ओलांडून आला होता, बिबट्याच्या तावडीतून सुटला होता, आणि आपली सावली आपल्याला सोडून हिंडू शकते हे त्याला नुकतंच कळलं होतं. मी वही मिटली. आता कुणीतरी 'पुढे काय झालं' असं विचारणार, या तयारीत होते. तिसऱ्या ओळीतल्या एकानं हात वर केला.

"मॅडम, पन तो जेवस कोठे?"

वर्ग हसला. मीही हसले. घरी आल्यावर वही उघडली आणि पानं उलटत गेले. नऊ प्रकरणं, एकशे चार पानं, गोष्टीतले पावणेदोन महिने. पोरगा एकदाही जेवला नव्हता. एकदा नदीचं पाणी प्यायला होता, तेही मला सूर्यास्ताचं वर्णन करायचं होतं म्हणून.

विचारणारा त्या विषयातला जाणकार होता. आई-वडील दोघंही गेलेले, मामाकडे राहायचा. मामा सालदार. आमच्या खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला सुरू होतं; अक्षय्य तृतीयेला जुना हिशेब मिटतो, नवं साल ठरतं, आणि पुढचं वर्ष कुणाच्या शेतात राबायचं ते पक्कं होतं. अशा घरात एक ताट वाढलं की ते कुठून तरी कमी होतंच. पोराचं आपलं वेळापत्रक होतं. सकाळी मामीकडचा चहा आणि रात्रीची भाकर, दुपारी शाळेतली खिचडी, संध्याकाळी कधी मामीकडे, कधी त्याच गल्लीतल्या लांबच्या मावशीकडे. रविवारी खिचडी नाही. दिवाळीच्या सुट्टीत नाही. मे महिन्याचं तर नावच नको. हे त्यानं मला कधी बसून सांगितलं नाही, आपोआप कळत गेलं. सोमवारी खिचडीच्या रांगेत मी त्याला म्हटलं, "अरे, गोष्टीतला आहे तो. जेवत असेल कुठेतरी." त्यानं ताटली पुढे केली, थोडा विचार केला आणि म्हणाला, "आनि रविवारले?"

मला उत्तर आलं नाही.

कादंबरी लिहायचं खूळ डोक्यात शिरलं ते वर्गातल्या पुस्तकांच्या पेटीमुळे. पेटीत अनाथ पोरांच्या आणि जादूच्या गोष्टी बऱ्याच होत्या, बहुतेक भाषांतरित. दगडी किल्ले, बर्फ, शेकोटीशेजारी वेटोळं करून झोपलेली मांजर. पोरं चवीनं वाचायची, पण बर्फाशी आली की त्यांच्या डोळ्यांपुढे कुल्फीवाल्याची पेटी यायची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो असा आमचा मुलूख. शेकोटीजवळ बसून सुख वाटतं ही गोष्ट इथे वर्षातले दोन महिने खरी असते. मला वाटायचं, जादूला आमच्याकडे काय जागेची कमी आहे? एरंडोल तालुक्यात फरकांड्याचे झुलते मनोरे, एक हलवला की दुसरा आपोआप हलायचा म्हणतात. अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याला उनपदेव, जिथे गोमुखातून कढत पाणी येतं. आणि चाळीसगावहून गौताळ्याच्या जंगलाकडे निघालं की पाटण, पाटणादेवीचं पाटण.

तिथल्या शिलालेखानं मला पकडलं. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७, श्रावणातली पौर्णिमा, चंद्रग्रहण लागलेलं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याचा इथे मठ होता, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं ग्रहणाच्या वेळी त्या मठाला दान दिलं. लेखाचा मोठा भाग संस्कृत. पण कुणी किती द्यायचं हा तपशील आला की भाषा खाली उतरते आणि मराठी होते. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा कर मठाला. घाण्यागणिक पळी पळी तेल मठाला. 'दीन्हला' असं क्रियापद आहे त्यात. आमच्या अहिराणीत अजूनही 'दिलं' याला 'दिन्हा' म्हणतात. मला संस्कृत येत नाही; छापलेला पाठ बोट ठेवून वाचत होते. त्या शब्दाशी बोट थांबलं आणि आठशे वर्षांपूर्वीचा कुणी कारकून गल्लीतल्या म्हाताऱ्यासारखा बोलून गेला.

(इथे एक घोळ सांगून ठेवते, पोरांनीही तो केला होता. हा चांगदेव वेगळा आणि वाघावर बसून, सापाचा चाबूक करून ज्ञानदेवांना भेटायला निघालेला चांगदेव वेगळा. त्याचं गाव तापी-पूर्णेच्या संगमावर, मुक्ताईनगरजवळ. दोघंही खानदेशचे आणि दोघांत ऐंशी-नव्वद वर्षांचं अंतर. 'मग त्येना वाघ कोठे?' हा प्रश्न मला या गणितातल्या चांगदेवाबद्दल चार वेळा विचारला गेला.)

त्या पळीभर तेलातून माझा पोरगा निघाला. रोज संध्याकाळी घाण्यावरून मठापर्यंत तेल पोचवणारा कुणीतरी असणार. दगडावर भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ कोरलेली आहे: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर, चांगदेव. नऊ पिढ्या. तेल आणणाऱ्याचं नाव नाही, ते असायचं कारणही नाही. मी ठरवलं की माझ्या पोराला बापाचं नावसुद्धा माहीत नसावं. कुठल्याशा दुष्काळात वाटसरूंच्या तांड्यातून मागे राहिलेला, घाण्याच्या बैलामागे फिरत मोठा झालेला.

आणि जादू? ती मला भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथातच सापडली. त्या ग्रंथाचा शेवटाकडचा एक भाग सावल्यांचा आहे, छायाव्यवहार. दिव्याची उंची एवढी, दिव्यापासून काठीचं अंतर एवढं, तर सावली किती लांब? म्हणजे मठात बसलेले विद्यार्थी दिव्याच्या उजेडात सावल्या मोजत असणार, आणि त्या दिव्यातलं तेल आणणारा पोरगा दाराबाहेर उभा असणार. मी मठाचं दार पश्चिमेला केलं. एवढं स्वातंत्र्य मी घेतलं. संध्याकाळी तो दारात उभा राहिला की सूर्य त्याच्या पाठीशी, आणि त्याची सावली उंबरा ओलांडून लांबच लांब आत जाते, धूळ पसरलेल्या पाटीपर्यंत, जिथे आकडे मांडले जातायत. एक दिवस तो परततो आणि सावली परतत नाही. ती तिथेच बसून गणित ऐकत राहते.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होते. नऊ प्रकरणं याच खुशीत झाली. मग तो प्रश्न आला.

बरं, जेवू घालायचं. सोपं वाटलं. पहिल्याच प्रयत्नात मी पोराच्या हातावर भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवला, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर ताडकन उठून बसले. १२०७ सालात मिरची कुठली? मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, त्याला अजून तीनशे वर्षं होती. ठेचा गेला. शेंगदाणे गेले, तेही समुद्रापलीकडचेच. टोमॅटो, बटाटा, मका गेले. चहा गेला, तो तर आजीच्या काळात आमच्या गावात आला. मिरचीशिवाय खानदेश ही कल्पनाच मला झेपेना; आमच्याकडे पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर भाजी बिघडली असं समजतात. पण काढून टाकता टाकता जे उरलं तेही आमचंच होतं. ज्वारी होती, उडीद होते, म्हणजे कळण्याची भाकरी शाबूत. वांगं होतं, भरीत शाबूत, तिखटपणा मिऱ्यांवर भागवायचा. घाण्यात तीळ, करडई, जवस. आंबा होता. आणि मांडे होते. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात मंडक म्हणून त्यांचं वर्णन येतं.

पदार्थ जमले. ताट कोण वाढणार, हे मात्र जमेना.

ज्याचा बाप कोण ते माहीत नाही, त्याला पंक्तीला कुठे बसवायचं? तेराव्या शतकातलं पाटण म्हणजे काही आपलं एसटी स्टँडवरचं हॉटेल नव्हे. जात कळल्याशिवाय पाणी कुणाच्या हातचं आणि भाकर कुणाच्या घरची हे ठरत नाही. घाण्यावाला त्याला काम देईल. तेलाची पळी त्याच्या हातून मठापर्यंत जाईलही, कारण तेलाला तेवढी सूट असते. पण ओसरीवर ताट? वर्गातल्या पोरानं साधा प्रश्न विचारला होता, मी तो धरून आत गेले आणि थेट जातीच्या भिंतीवर डोकं आपटलं.

यातून सुटायची एक ठरलेली वाट आहे आणि मी तीच धरली होती, हे कबूल करते. माझ्या पहिल्या आराखड्यात शेवटच्या प्रकरणात पोरगा निकुंभांचा हरवलेला राजपुत्र निघत होता. दंडावर खूण, म्हाताऱ्या दाईची साक्ष, सगळं तयार होतं. पेटीतल्या पुस्तकांतही बहुतेक तसंच होतं. अनाथ पोराला जादू सापडते ती अशी की त्याचे आई-बाप कुणीतरी मोठे होते, रक्तातच होती, फक्त कळली नव्हती. वाचताना छाती फुगते. पण नीट बघितलं तर त्या गोष्टीनं प्रश्न सोडवलेला नसतो, पोराची पंक्त तेवढी बदललेली असते. राजपुत्राला कुणीही जेवायला घालेल. वर्गातल्या त्या पोराचा बाप ट्रॅक्टरवर हमाली करायचा. त्याच्या दंडावर देवीच्या जत्रेत गोंदलेलं नाव होतं, बस्स.

पुढे हस्तलिखित एका प्रकाशकांकडे गेलं तेव्हा त्यांनी नेमकी हीच सूचना केली. "शेवटी राजघराण्यातला निघाला तर जरा उठाव येईल." मी वही परत मागवली. रागावून वगैरे नाही, टपालखर्च माझाच होता.

आपल्याकडे अनाथ पोरांची आणि चमत्काराची सगळ्यांत मोठी गोष्ट आहे ती चार भावंडांची. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. संन्याशाची मुलं म्हणून गावानं वाळीत टाकलेली, आई-बापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेलं. त्यातलं रेड्यामुखी वेद आणि भिंत चालवली हे आम्हाला शाळेत पाठ. मांड्यांची गोष्ट मात्र आजी सांगायची, चुलीपुढे, हात कणकेत असताना. निवृत्तीला मांडे खावेसे वाटले. मुक्ता खापर आणायला कुंभाराकडे गेली. विसोबा चाट्यानं कुंभारांना आधीच दम भरून ठेवला होता, या पोरांना खापर द्यायचं नाही. मुक्ता रडत घरी आली. मग ज्ञानदेवांनी जठराग्नी पेटवला, पाठ तापून लाल झाली आणि म्हणाले, भाज पाठीवर.

लहानपणी मला त्यात फक्त लाल पाठ दिसायची. आता दिसतं ते खापर. त्या पोरांना वेद नाकारले ते नाकारलेच, पण एका मातीच्या भांड्यासाठीही बहिणीला दारोदार फिरवलं. आणि त्यावर जी जादू घडली ती राज्य मिळवायला नाही, शत्रूला भस्म करायला नाही. बहिणीची कणीक वाया जाऊ नये म्हणून. ती भावंडं शेवटपर्यंत कुणी राजपुत्र निघत नाहीत. उलट लपून बघणारा विसोबाच येऊन त्यांचं उष्टं खातो. म्हणजे पंक्तीचा प्रश्न सुटतो, पण दुसऱ्या बाजूनं.

मुक्ता पुढे आमच्याकडे आली. तापीकाठी वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली, अठरा-एकोणीस वर्षांची पोर. आषाढीसाठी तिची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला चालत जाते ती केवढी लांबची वाट. आणि योगायोग म्हणा, खापरावरचे मांडे आजही टिकून आहेत ते आमच्याकडे, खानदेशात.

मला ते येत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आखाजीला सासूबाईंनी शिकवायला घेतलं. अंगणात तीन दगडांची चूल, वर पालथं घातलेलं काळं खापर. कणीक आदल्या दिवशी वस्त्रगाळ केलेली, मळून मळून अशी केलेली की ओढली तर तुटू नये. पुरण भरलेला गोळा त्यांनी हातानं थापला आणि मग लाटणं बाजूला ठेवलं. दोन्ही हात पुढे, तळवे वर. गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर जातो, मनगटावर, मग कोपराकडे, आणि प्रत्येक फेरीला वाढत जातो. शेवटी कोपरापासून बोटांपर्यंत एक पातळ पडदा लोंबतो. आतलं पुरण सावलीसारखं दिसतं. त्या क्षणी बाई बोलत नाही. मग दोन्ही हात खापरावर नेऊन ती तो पडदा अलगद सोडते आणि तो घुमटासारखा बसतो. हाताची लव जळलेली असते कायमची. मी सोडला तेव्हा माझा मधोमध फाटला, पुरण खापरावर पडलं आणि करपलं. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, तो गाईचा." त्या वर्षी गाईनं सहा मांडे खाल्ले. पुढेही दरवर्षी थोडेफार. मराठीत मनातल्या मनात मांडे खाणं म्हणतात. माझ्या कादंबरीतला पोरगा नऊ प्रकरणं तेच करत होता.

त्या वर्षीच्या आखाजीला वर्गातल्या त्या पोराच्या घरी गेले. निमित्त वहीचं केलं. खरं तर मला त्याची मामी बघायची होती, कारण माझ्या कादंबरीत घाण्यावाल्याची बायको मी चांगलीच कजाग रंगवली होती. गोष्टीतल्या मामी आणि सावत्र आया कजागच असतात. लेखकाला पोराला घराबाहेर काढायचं असतं ना, जादू अंगणाबाहेर असते.

"या मॅडम, बठा," मामी म्हणाली आणि चुलीकडे वळली. घरातल्या कोपऱ्यात पितरांची घागर भरलेली होती, मातीची, वर आंबा ठेवलेला. घागर घरातल्या गेलेल्यांसाठी, आणि तिच्यामागे टेकून दुसरी एक छोटी. ती कुणाची ते मी विचारलं नाही. पोरगा आंघोळ करून, तेल चोपडून, गेल्या वर्षीच्या गणवेशात तयार. मामीनं त्याला निखाऱ्यांपुढे बसवलं आणि आगारी टाकायला सांगितलं. त्यानं मांड्याचा तुकडा, रसाचं बोट, तुपाचा थेंब असं सगळं क्रमानं निखाऱ्यावर टाकलं. न चुकता. वर्गात सात सक बेचाळीस म्हणायला अडखळतो तो. मग ताटं वाढली. तिची तिघं आणि हा, चार ताटं एका ओळीत. ती वाढत होती आणि मी, शिक्षकाची खोड, मोजत होते. सगळ्यांना दीड दीड मांडा. चौघांना दिल्यावर खापराजवळच्या टोपलीत अर्धा उरला तो तिनं माझ्या ताटात टाकला, आणि स्वतः सकाळची भाकर घेऊन बसली.

घरी जाऊन कजाग बाई काढून टाकली. पूर्ण प्रकरण फाडलं.

मग गोष्टीचा नियम बदलला. आता पोराची सावली आपोआप हिंडत नाही. त्याला ज्या घरी कुणी जेवू घालेल, त्या घरची विद्या त्याच्या सावलीला येते. कोष्ट्याच्या अंगणात अर्धी भाकर खाल्ली की सावलीचे हात माग चालवायला लागतात. कुंभारणीनं आंबिल दिलं की सावली चाक फिरवते. डोंगरातल्या भिल्लाच्या झोपडीत कंदमुळं खाल्ली की सावलीला अंधारात वाट कळते. उपाशी राहिला त्या दिवशी सावली नुसती सावली. त्यामुळे 'तो जेवतो कुठे' हाच गोष्टीचा रस्ता झाला. आणि मठाच्या दारात संध्याकाळी पडते ती लांब सावली आता बारा घरचं खाल्लेली असते.

हे वर्गात वाचलं त्या शनिवारी पोरं एकदम शांत होती. मला वाटलं जमलं. तिसऱ्या ओळीतून हात वर.

"मॅडम, सावली मझार गई ते चालस?"

मी विचारलं, म्हणजे?

त्याला शब्द सापडेनात. शेजारच्या बाकावरच्या पोरीनं सांगितलं. तिची आजी सांगते, पूर्वी काही माणसांची सावलीसुद्धा अंगावर पडलेली चालायची नाही. मग याची आत कशी चालली? कुणी ओरडलं नाही?

मी जादू म्हणून लिहिलं होतं ते. छान कल्पना म्हणून. उंबरा अडवतो तो पोराला, सावलीला कोण अडवणार, असं ऐटीत वाक्यही लिहिलं होतं. इतिहासात सावलीलाही अडवलेलं होतं आणि ते चौथीतल्या पोरीला ठाऊक होतं, तिच्या घरून. मी त्यांना म्हटलं, आठवडाभर थांबा. तीन आठवडे लागले. शेवटी लिहिलं ते असं: एक विद्यार्थी ओरडतो. पाटी झटकून उठतो, धूळ उडते, मांडलेलं गणित मोडतं. दुसरा एक, वयानं लहान, उठतच नाही. तो सावलीच्या कडेनं बोटानं रेघ ओढतो आणि लांबी मोजायला लागतो, कारण त्याला तेच शिकवलेलं असतं. ग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली चंद्रावर पडणं, हे त्या मठात माहीत होतं. ज्या दानावर मठ उभा होता ते दानच एका सावलीच्या मुहूर्तावर दिलेलं. मी ते भाषणासारखं कुणाच्या तोंडी घातलं नाही. मोजणाऱ्या पोराचं बोट तेवढं ठेवलं. पोरीला हे पटलं. "एक तरी वरडना," ती म्हणाली. कुणी ओरडलाच नसता तर तिनं गोष्ट खोटी धरली असती.

शेवट तेव्हा राहिला होता. तो मला शून्य सावलीच्या दिवशी घडवायचा होता. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. आमच्या गिरणाकाठच्या गावाला मेच्या २२-२३ तारखेला आणि परत जुलैच्या २० च्या आसपास. त्या एका क्षणी पोराची सावली पायाखाली येऊन त्याच्या अंगात शिरते आणि बारा घरची विद्या त्याची होते, असा बेत. पण मी हे स्वतः कधी बघितलं नव्हतं, इतकी वर्षं नोकरी करून. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैत आभाळ.

त्या मेमध्ये मी गावातल्या खोलीवरच थांबले. पोराला निरोप धाडला, दुपारी ये, जेवायलाच ये. तो साडेअकरालाच आला. अंगणात फरशीवर स्टीलचा पेला उपडा ठेवला. सावली आधी बोटभर होती, पश्चिमेकडे पडलेली, आखूड होत चाललेली. घड्याळातले बारा वाजले तरी होतीच. तो माझ्याकडे बघायला लागला, मॅडमचं परत चुकलं म्हणून. मी सांगितलं की घड्याळ सगळ्या देशाचं एक आहे, सूर्य आपल्याकडे अर्धा तास उशिरा येतो. बारा पंचविसाला पेल्याच्या कडेला केसाएवढी काळी रेघ उरली. सव्वीसला तीही गेली. पेला फरशीवर नुसता ठेवल्यासारखा, चित्रातल्यासारखा दिसत होता.

तो उठून उन्हात उभा राहिला. खाली बघितलं, वळून मागे बघितलं.

"कोठे गई?"

"तुझ्या पायाखाली."

त्यानं उजवा पाय उचलला. होती, पावलाएवढी. पाय टेकवला, डावा उचलला. तिथेही होती. मग पटापट दोन्ही पाय आळीपाळीनं उचलायला लागला, मला वाटलं खेळतोय. चप्पल घातलेली नव्हती त्यानं, फरशी तापली होती.

"आत ये आधी," मी म्हटलं. "रस वाटीत काढलाय."